इंटरनेटचा सातबारा कोणाच्या नावावर?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करा, रात्री वाचा. पण ‘हे अमेरिकेतलं काहीतरी आहे, आपल्याला काय त्याचं’ असं म्हणून पुढे सरकवू नका. मागच्या महिन्यात हेच वाक्य मला तिघांनी ऐकवलं, म्हणून ही पोस्ट लिहितोय.

तुमच्या बँकेच्या वेबसाइटचा पत्ता बदललाय, लक्षात आलंय का? शेवटी आता ‘डॉट बँक डॉट इन’ लागतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ते जाहीर केलं, एप्रिलमध्ये परिपत्रक काढलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. मोठ्या बँकांना दिली तशीच महाड, पोलादपूरच्या माणसांचं खातं असलेल्या नागरी सहकारी बँकांना आणि जिल्हा बँकांनाही दिली. हेतू चांगला आहे. खोट्या वेबसाइटवर पैसे घालवलेली माणसं आपल्या तालुक्यातही आहेत. त्यावर मला काही म्हणायचं नाही.

मला विचारायचंय ते वेगळं. हा पत्ता बँकेला कोण देतो? तर हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था. ती रिझर्व्ह बँकेने १९९६ मध्ये काढली. आयडीआरबीटीला हा अधिकार कुठून आला? ‘डॉट इन’ची सगळी वही जिच्याकडे आहे त्या निक्सीकडून, म्हणजे दिल्लीच्या नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडून. निक्सीकडे वही असली तरी ती चालवण्याचं तांत्रिक काम बाहेरच्या कंपनीकडे असतं. आधी अफिलियास, मग न्यूस्टार, न्यूस्टारचा हा धंदा गोडॅडीने घेतल्यावर गोडॅडी, आणि आता कॅनडाची टुकॉज. आणि जगाच्या यादीत ‘डॉट इन’ निक्सीचं आहे हे कोण नोंदवतं? कॅलिफोर्नियातली आयकॅन. तीही स्वतः नाही, तिने २०१६ मध्ये काढलेली पीटीआय नावाची उपसंस्था. (आपली बातम्यांची पीटीआय नव्हे. ही पब्लिक टेक्निकल आयडेंटिफायर्स.)

म्हणजे महाडच्या बाजारपेठेतल्या बँकेच्या पत्त्यामागे चार-पाच संस्था उभ्या आहेत. यातल्या बहुतेक स्वतःला ‘ना नफा’ म्हणवतात. ‘ना नफा’ हा शब्द ऐकला की आपण पुढचं विचारतच नाही. गावच्या देवस्थानच्या ट्रस्टला आपण विचारतो, हिशेब दाखवा, जमीन कोणाच्या नावावर, सही कोणाची चालते. मुंबईच्या मंडळात शंभर रुपयांच्या पावतीवरून रात्री एकपर्यंत भांडतो. आणि इथे एकदम श्रद्धाळू होतो.

तळीयेच्या माणसाला कागदाचं महत्त्व शिकवायची गरज नाही. २२ जुलै २०२१ ला दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. ज्यांचे देह मिळालेच नाहीत त्यांना मृत घोषित करायलासुद्धा कागद लागला. वारस कोण, घर कोणाच्या नावावर, जागा कोणाच्या, हे सगळं दुःख आवरायच्या आत सांगावं लागलं. त्या दिवसानंतर मी कोणत्याही संस्थेकडे बघताना पाटीवरचं नाव आधी बघत नाही. मालकीच्या रकान्यात काय लिहिलंय ते आधी विचारतो.

तर इंटरनेटच्या पत्त्यांची मालकी. पहिली गोष्ट, डोमेन कुणीच विकत घेत नाही. आपण भाडं भरतो. वर्षाचं, दोन वर्षांचं, जास्तीत जास्त दहा वर्षांचं. भरलं नाही तर पत्ता गेला. त्या भाड्यातला काही भाग दुकानदाराला मिळतो, म्हणजे रजिस्ट्रारला. काही भाग वही ठेवणाऱ्या रजिस्ट्रीला. डॉट कॉम, डॉट ऑर्गसारखं नाव असेल तर त्यातले काही सेंट आयकॅनला. आयकॅनचं पोट मुख्यतः याच सेंटांवर भरतं. रक्कम ऐकायला किरकोळ आहे, पण नावं कोट्यवधी आहेत. आमच्या दरडीच्या बातम्या ज्या वेबसाइटवर जगाने वाचल्या त्यातल्या बहुतेकांनी या साखळीत पैसे भरलेले आहेत.

आता डॉट ऑर्गचं प्रकरण. हे मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण यात सगळं आलं.

जगभरच्या सेवाभावी संस्था, मंडळं, ट्रस्ट डॉट ऑर्ग घेतात. लोकांनाही वाटतं, ऑर्ग आहे म्हणजे संस्था खरी असणार. ही डॉट ऑर्गची वही आधी व्हेरिसाइन या कंपनीकडे होती. आयकॅनने २००२ मध्ये ती तिच्याकडून काढून दुसरीकडे द्यायचं ठरवलं. अकरा अर्ज आले. त्यातून इंटरनेट सोसायटीचा अर्ज निवडला गेला. ही सोसायटी १९९२ ची, इंटरनेट घडवणाऱ्या माणसांनी काढलेली, प्रतिष्ठित. तिने या कामासाठी पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री नावाची वेगळी ना-नफा संस्था काढली आणि जानेवारी २००३ पासून डॉट ऑर्ग तिच्याकडे आलं. नाव बघा. पब्लिक इंटरेस्ट. लोकहित.

कागदावर मात्र या लोकहित संस्थेचा सभासद एकच होता, इंटरनेट सोसायटी. संचालक कोण नेमणार? सोसायटी. वरकड पैसा कुठे जाणार? सोसायटीकडे. तो थोडाथोडका नव्हता, वर्षाला पाच कोटी डॉलरच्या आसपास. त्यातून चांगली कामंही झाली, हे मी नाकारत नाही. इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्या आयईटीएफला सोसायटीचा आधार आहे, तिच्या कारभारासाठी २०१८ मध्ये काढलेल्या कंपनीचीही एकमेव सभासद सोसायटीच. एकूण चित्र असं की कुठल्या तरी अनाथाश्रमाने पत्त्याचं भाडं भरायचं, त्यातला वाटा लोकहित संस्थेतून सोसायटीकडे जायचा, आणि सोसायटीतून पुढे. वाईट नाही. पण भाडं भरणाऱ्याला या कुठल्याच घरात मत नाही.

आणि मग २०१९ उजाडलं. तोवर डॉट ऑर्गचं घाऊक भाडं वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नव्हतं. आयकॅनने करार नव्याने केला तेव्हा ही मर्यादा काढून टाकायचा प्रस्ताव आला. लोकांची मतं मागवली. तीन हजारांहून जास्त आली, बहुतेक सगळी विरोधात. ३० जूनला मर्यादा गेली. आपल्याकडे हरकती-सूचना मागवतात ना, अगदी तसंच. टपाल घ्यायचं, शिक्का मारायचा, फाइल बंद.

साडेचार महिन्यांनी, १३ नोव्हेंबरला, सोसायटीने जाहीर केलं की लोकहित संस्था आम्ही इथॉस कॅपिटल या खासगी गुंतवणूक कंपनीला विकतोय. किंमत नंतर बाहेर आली: ११३ कोटी ५० लाख डॉलर. त्या वेळच्या दराने आठ हजार कोटी रुपयांच्या वर. इथॉस त्याच वर्षी उभी राहिलेली. तिच्या सल्लागारांत आयकॅनचे माजी प्रमुख फादी शेहादे. ना-नफा संस्थेची नफ्याची कंपनी होणार होती, आणि खरेदीतलं ३६ कोटी डॉलरचं कर्ज त्याच संस्थेच्या डोक्यावर बसणार होतं.

परत वाचा. घर विकत घेणारा कर्ज काढणार, आणि ते फेडणार घर. म्हणजे भाडेकरू. म्हणजे जगभरची एक कोटीहून जास्त डॉट ऑर्ग नावं.

गुन्हा झाला असं मी म्हणत नाही. मुद्दा उलट आहे. यातलं बरंचसं कागदाला धरून होतं. एकमेव सभासद सोसायटी, मग विकायचा अधिकार तिचाच. सोसायटीच्या शाखा देशोदेशी आहेत, त्यांच्या सभासदांनासुद्धा सौदा ठरल्यावर कळलं. ‘आम्ही सगळे मिळून इंटरनेट चालवतो’ ही भाषा परिषदांच्या बॅनरवर. विक्रीच्या कागदावर दोन-चार सह्या पुरल्या असत्या.

सौदा थांबला कसा? आरडाओरडा झाला, मोठमोठ्या सेवाभावी संस्थांनी पत्रं लिहिली, आयकॅनच्या दारात निदर्शनं झाली. पण निर्णायक ठरलं ते कॅलिफोर्नियाच्या अॅटर्नी जनरलचं पत्र. झेवियर बेसेरा यांनी १५ एप्रिल २०२० ला आयकॅनला लिहिलं की ही मंजुरी देऊ नका. त्यांना हे सांगता आलं, कारण आयकॅन त्यांच्या राज्यात नोंदलेली लोकहिताची संस्था आहे आणि अशा संस्थांवर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम आहे. ३० एप्रिलला आयकॅनने मंजुरी नाकारली.

हे आपल्याला ओळखीचं वाटलं पाहिजे. आपल्याकडे सार्वजनिक ट्रस्टची जमीन विकायची तर १९५० च्या विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. विश्वस्त सगळे एकमताने तयार असले तरी लागते. ती भिंत आहे म्हणून कोकणातल्या कितीतरी देवस्थानांच्या जमिनी वाचल्यात. (किती गेल्या, तो दुसऱ्या पोस्टचा विषय.) डॉट ऑर्गला तसा धर्मादाय आयुक्त भेटला. निवडणुकीत मत नसलेल्या भाडेकरूंना एका परक्या राज्याच्या कायदा खात्याने वाचवलं. नशीब म्हणायचं.

आणि पुढचा भाग तर फार कुणी सांगतच नाही. डॉट ऑर्गची तांत्रिक यंत्रणा अफिलियास चालवत होती. २०२० च्या शेवटी अफिलियास डोनट्स नावाच्या कंपनीने घेतली. २०२१ मध्ये डोनट्समधला मोठा हिस्सा कोणी घेतला? इथॉस कॅपिटलने. मालकी मिळाली नाही, चाकरीचं कंत्राट मात्र त्याच घरात आलं. पुढच्या दारात हाकललेला पाहुणा मागच्या दाराने भांडी घासायला आला, आणि आता स्वयंपाकघरात आहे. हेही पूर्ण कायदेशीर.

महाडच्या माणसाला यावरून एक गोष्ट आठवायला हवी, आणि मी ती हलक्या हाताने आणत नाही. चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी ओंजळीने पाणी घेतलं, आणि मग काय झालं? ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. वर्ष संपायच्या आत कोर्टात दावा आला की तळं सार्वजनिक नाहीच, खासगी आहे. दहा वर्षं चाललं ते. मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो खासगी मालकीचा दावा फेटाळला. माणसाच्या प्रतिष्ठेच्या त्या लढ्याशी मी वेबसाइटची बरोबरी करत नाही. बरोबरी होऊच शकत नाही. पण जे सगळ्यांचं आहे असं सगळे म्हणतात, ते वापरायला आणि त्याच्यावर हक्क सांगायला गेलं की मालकीचा कागद कसा बाहेर येतो, हे आपल्या गावाएवढं कुणाला ठाऊक असणार?

आता घरचं बघू. डॉट इन.

ही वही एकेकाळी आपल्या मुंबईत होती, हे किती जणांना माहीत आहे? १९८९ मध्ये डॉट इन नोंदलं गेलं, आणि पुढे त्याची नोंदणी जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत चालायची. ती संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. नियम कडक, दुकानदारी नाही, त्यामुळे २००४ पर्यंत सगळी मिळून सात हजारांच्या आसपासच नावं होती. जानेवारी २००५ पासून निक्सीने दार उघडलं आणि नावं लाखांत गेली. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘डॉट भारत’ आलं, देवनागरीत, मराठी आणि कोंकणीसह. तेही निक्सीकडेच. (किती ग्रामपंचायतींनी घेतलं, ते मोजायला फार वेळ लागणार नाही. आपल्याकडे लेटरहेडवर अजून जीमेल आहे.)

निक्सीची नोंदणी जून २००३ ची. तेव्हा कंपनी कायद्याचं कलम २५, आता कलम ८. ना-नफा कंपनी. सभासदांना नफा वाटता येत नाही, ही चांगली गोष्ट. पण सभासद कोण? मुळात ही संस्था इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी एकमेकांची वाहतूक देशातल्या देशात अदलाबदल करावी म्हणून निघाली, आणि तिच्या सभासदांत त्या कंपन्या आहेत. संचालक मंडळाचे अध्यक्ष असतात केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान खात्याचे सचिव. तुम्ही-आम्ही डॉट इन घेतो ते ग्राहक म्हणून. सभासद म्हणून नाही.

इथे मला लगेच उत्तर येतं, ‘सरकारी आहे ना, मग आपलंच.’ माझं भांडण नेमकं याच वाक्याशी आहे.

डॉट ऑर्गच्या सौद्यात निदान विकणारा एक होता, मंजुरी देणारा दुसरा आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारा तिसरा. दुसऱ्याने पहिल्याला सांभाळून घेतलं असतं तरी तिसरा होता. आपल्याकडे? धोरण ठरवणार केंद्राचं खातं. चालवणाऱ्या कंपनीचा अध्यक्ष त्याच खात्याचा सचिव. कलम ८ चा परवाना देणारं आणि काढणारं कॉर्पोरेट व्यवहार खातं, म्हणजे तेही केंद्रच. बैल, औत, शेत आणि तलाठी, सगळे एकाच घरचे. ते घर आज चांगलं वागत असेलही. उद्या तांत्रिक कंत्राट कोणाला जावं, नावामागे किती पैसे घ्यावेत, शिल्लक कुठे लावावी, हे ठरवताना भाडेकरूने कुठे जायचं?

ब्रिटनचं उदाहरण देतो. तिथली डॉट यूकेची वही नॉमिनेट या ना-नफा कंपनीकडे. ती मूळ काम सोडून भलत्या धंद्यात पैसे घालते, भाडं वाढवते आणि वरिष्ठांचे पगार फुगवते म्हणून सभासद चिडले. मार्च २०२१ मध्ये त्यांनी विशेष सभा बोलावून मतदान घेतलं. आदल्या दिवशी मुख्याधिकारी गेले आणि सभेने अध्यक्षांसह संचालकांना घरी बसवलं. तिथेही सभासद म्हणजे मुख्यतः नावं विकणारे व्यावसायिक, सामान्य माणूस नव्हे. तरी मत होतं म्हणून चाललं. आपल्याकडे डॉट इन विकणाऱ्याला तेवढंही नाही, घेणाऱ्याची तर बातच सोडा.

आयकॅनवाले म्हणतील, आमच्याकडे सगळं उघड आहे. बऱ्याच अंशी आहेही. पीटीआयचं बघा. आयकॅनच तिची एकमेव सभासद, पाचपैकी तीन संचालक आयकॅनने नेमायचे, पैसा आयकॅनचा. आई-लेकीचं नातं. पण ते नातं कोणत्या परिस्थितीत तोडता येईल, लेक वेगळी कशी काढायची, ते आयकॅनच्या नियमावलीत लिहून ठेवलंय. अमेरिकन सरकारने २०१६ मध्ये हात काढून घेतला तेव्हा जगभरच्या लोकांनी भांडून ते लिहून घेतलं. मला तेवढंच हवंय. भांडण झालं तर काय करायचं, हे भांडण व्हायच्या आधी लिहिलेलं.

आणि हे सगळं वर दिल्ली-कॅलिफोर्नियातच आहे असंही नाही. आपल्या खोऱ्यातल्या एका मंडळाची वेबसाइट एका होतकरू मुलाने करून दिली. नाव कुणाचंच सांगत नाही. चार वर्षं सगळं छान. मुलगा परदेशी गेला, भाड्याची तारीख उलटली, तेव्हा कळलं की पत्ता मंडळाच्या नावावर नाहीच, त्याच्या नावावर आहे. मुलगा वाईट नव्हता. पण पासवर्डसाठी मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना पंचक्रोशीत सगळे अण्णा म्हणतात ते, तीन महिने त्याच्या आईच्या पाया पडत होते. गणपतीच्या वर्गणीचा क्यूआर त्याच पत्त्यावर होता. प्रत्येक मंडळाने, बचत गटाने, शाळेने आजच बघावं, आपलं डोमेन कोणाच्या नावावर आहे. रजिस्ट्रारच्या खात्यात ‘रजिस्ट्रंट’च्या रकान्यात संस्थेचं नाव हवं, मुलाचं नको, दुकानदाराचं तर अजिबात नको.

निक्सीसाठी मी माहिती अधिकाराचा अर्ज तयार केलाय. चार प्रश्न आहेत. डॉट इन आणि डॉट भारतच्या प्रत्येक नावामागे तांत्रिक कंपनीला किती पैसे जातात आणि त्या कराराची प्रत. मागच्या पाच वर्षांत नावांच्या भाड्यातून किती जमा झाले, किती उरले, उरलेले कुठे ठेवले. आजच्या सभासदांची यादी, आणि नाव घेणाऱ्या सामान्य माणसाला किंवा संस्थेला सभासद होता येतं का, येत नसेल तर कोणत्या नियमाने. आणि डॉट बँक डॉट इनसाठी निक्सी व आयडीआरबीटी यांच्यात काय करार आहे, सहकारी बँकेने भरलेल्या पैशात कोणाचा किती वाटा.

शेवटचा प्रश्न आपल्या बँकांच्या संचालकांनी स्वतः विचारायला हवा होता. सभासदांच्या पैशातून भाडं जातं. येत्या वार्षिक सभेत मी तो विचारणार आहे, आणि ‘रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे’ हे उत्तर चालणार नाही. आदेश आहे हे माहितीच आहे, पावती दाखवा.

अर्जाची फी दहा रुपये. एकाच्या नावाने गेला तर एक कागद, पंचवीस जणांच्या नावाने गेले तर पंचवीस. मसुदा मराठीत आहे, ज्यांना हवा त्यांनी खाली ‘अर्ज’ लिहा, पाठवतो. ज्यांना टाइप करायला जमत नाही त्यांनी रविवारी सकाळी ग्रामपंचायतीजवळ या, मी प्रिंट काढून आणतो. पोस्टाचा खर्च ज्याचा त्याने करायचा.